सेंद्रिय कर्बाचा जमाखर्च: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

या महिन्याच्या टपालात मुंबईकरांची पत्रे जास्त आहेत, आणि ती बहुतेक गावच्या जमिनीबद्दलची. कुणाची जमीन भाऊबंदांकडे कसायला दिलेली, तर कुणाची शनिवार-रविवारी जाऊन बघायची. प्रश्न मात्र एकाच आकड्याभोवती फिरतात: माती परीक्षणाच्या अहवालातला सेंद्रिय कर्ब (काडीकचरा, मुळे, शेण कुजून मातीत उरलेला कार्बन), आणि शेतीची पद्धत बदलली की तो किती हलतो.

प्रश्न: वाळवा तालुक्यात आमचा अडीच एकर ऊस आहे. जमीन धाकटा भाऊ बघतो. तोडणी झाली की तो पाचट (उसाची वाळलेली पाने) पेटवून देतो. अहवालात सेंद्रिय कर्ब ०.४२ टक्के आला. शेजारचे म्हणतात, रासायनिक खते बंद करा, दोन वर्षांत एक टक्क्यावर जाईल. हे शक्य आहे का? (दादर)

नाही. आधी वजन बघा. एका एकराचा वरचा १५ सेंटिमीटरचा थर म्हणजे सुमारे ६०७ घनमीटर माती. घनसेंटिमीटरला १.३ ग्रॅम वजन धरले तर ती ७९० टन भरते. कर्ब ०.१ टक्क्याने वाढवायचा म्हणजे या ढिगात ७९० किलो निव्वळ कर्ब टिकवायचा. ०.४२ वरून एक टक्क्यावर जायला एकरी साडेचार टन लागतील. दोन वर्षांत एवढा कर्ब कुठून आणणार?

टाकलेला कर्ब आणि टिकलेला कर्ब यांत मोठा फरक आहे. मातीत पडलेल्या काडीकचऱ्यातला बहुतेक कर्ब जिवाणू आणि बुरशी श्वासावाटे हवेत सोडतात. पाचटाचा पाचवा हिस्सा वर्षाअखेर मातीत उरला तर ते चांगले चालले म्हणायचे.

आता तुमच्या भावाच्या काडेपेटीचा हिशेब. एकरी साधारण साडेतीन टन पाचट निघते. त्यात ३२ ते ४० टक्के कर्ब असतो, म्हणजे सव्वा टनाच्या आसपास. पेटवले की त्यातला बहुतेक तासाभरात धूर होऊन जातो, शिवाय पाचटातले नत्रही जाते. पालाश (पोटॅश) राखेत उरतो, म्हणून राख पडलेल्या जागी ऊस हिरवागार दिसतो आणि जाळणे फायद्याचे वाटते. न जाळता कुजवले तर एकरी २५० किलोच्या आसपास कर्ब मातीत उरेल. दुसऱ्या बाजूला, जमिनीत आधीपासून असलेला कर्बही दरवर्षी दोन-तीन टक्के झिजतो. तुमच्या जमिनीत तो एकरी सव्वातीन टन आहे, म्हणजे झीज ६५ ते १०० किलो. उसाच्या मुळांची भर वेगळी. सगळे मिळून वर्षाला ०.०२ ते ०.०३ टक्के वाढ धरा. ०.४२ चे ०.५० व्हायला तीन-चार वर्षे लागतात, आणि ते आम्ही उत्तम समजतो.

करायचे कसे ते भावाला असे सांगा. तोडणीनंतर उसाचे बुडखे जमिनीलगत छाटून घ्यावेत. पाचट सरीत सारखे पसरावे, ढीग राहू देऊ नयेत. टनाला ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारे जिवाणू लागतात. साडेतीन टनाला अनुक्रमे २८ किलो, ३५ किलो आणि साडेतीन किलो. जिवाणू चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून फेकावेत. मग लगेच पाणी द्यावे.

बिघडते ते इथेच. कोरड्या पाचटावर युरिया टाकून चार दिवस पाण्याची वाट बघितली तर नत्र अमोनिया होऊन उडते आणि पाचट तसेच राहते. युरिया अजिबात दिला नाही तर कुजवणारे जिवाणू जमिनीतले नत्र ओढतात आणि खोडवा (तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून फुटणारे पुढचे पीक) महिना-दीड महिना पिवळा पडतो. 'पाचटाने खोडवा बसला' अशी तक्रार येते तिचे कारण बहुधा हेच असते. पाचट ओल्या मातीला टेकलेले हवे. अधांतरी राहिलेले सहा महिने तसेच वाजत राहते. खोडव्याची पुढची खते पाचट न हलवता पहारीने द्यावीत: बुडख्यापासून १०-१५ सेंटिमीटरवर, १५-२० सेंटिमीटर खोल, दोन छिद्रांत ३० सेंटिमीटर अंतर ठेवून.

आणि रासायनिक खते बंद करू नका. का ते पुढच्या उत्तरात.

प्रश्न: रासायनिक खतांनी जमिनीतला कर्ब जळतो, असे सगळीकडे वाचतो. मग सेंद्रिय शेतीत तो आपोआप वाढायला हवा ना? (ठाणे)

खत थेट कर्ब जाळत नाही. नुसता युरिया वर्षानुवर्षे देत राहिले तर मात्र जमीन खंगते. स्फुरद (फॉस्फरस) आणि पालाश कमी पडतात, पीक खुरटते, मुळे कमी वाढतात आणि मातीत परत जाणारे सेंद्रिय द्रव्यच घटते. संतुलित खत दिलेल्या पिकाची मुळे, पालापाचोळा आणि धसकटे भरपूर असतात, म्हणून अशा जमिनीत कर्ब बिनखताच्या जमिनीपेक्षा जास्तच आढळतो.

हे अनुमान नाही. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचे दीर्घकालीन खत प्रयोग १९७०-७१ पासून देशातल्या वेगवेगळ्या जमिनींवर चालू आहेत. त्यांतला क्रम साधारण सगळीकडे सारखा दिसतो. बिनखताचे आणि नुसत्या नत्राचे वाफे खाली, नत्र-स्फुरद-पालाश संतुलित दिलेले त्यांच्या वर, आणि संतुलित खताला शेणखताची जोड असलेले सर्वांत वर. इंग्लंडमध्ये रोथॅमस्टेडला १८४३ पासून एकाच शेतात गव्हाचा प्रयोग चालू आहे. तिथे दरवर्षी शेणखत मिळालेल्या पट्ट्यात कर्ब बिनखताच्या पट्ट्याच्या दुपटीहून जास्त आहे.

पण त्या पट्ट्याला शेणखत किती मिळते हेही सांगायला हवे: हेक्टरी ३५ टन, म्हणजे एकरी १४ टन, दरवर्षी. एक गाय दिवसाला दहा किलो शेण देते असे धरले तर वर्षाचे साडेतीन टन ओले शेण, आणि ते कुजून हाती दीड-दोन टन खत. एका एकराला सात ते नऊ जनावरे! त्यांचा चारा दुसऱ्या कुठल्या तरी जमिनीतून येणार. म्हणून सेंद्रिय शेतातला वाढलेला कर्ब बघताना आम्ही आधी विचारतो, खत कुठून आले? बाहेरून गाडी भरून आणले असेल तर कर्ब एका शेतातून दुसऱ्या शेतात गेला, एवढेच. त्या शेताचा फायदा खरा आहे, पण तो पद्धतीच्या नावाचा नाही. बाहेरून काही न आणता, तणासाठी चार-चार कुळवाच्या पाळ्या घालून केलेल्या 'सेंद्रिय' शेतात कर्ब घटलेलाही दिसतो. दर मशागतीत मातीचे कण फुटतात, त्यांच्या आत जपलेला कर्ब उघडा पडतो आणि जिवाणू त्यावर तुटून पडतात.

प्रश्न: शेणखत परवडत नाही. त्याऐवजी महिन्याला एकरी २०० लिटर जीवामृत दिले तर कर्बाची गरज भागेल का? जमीन अंबरनाथजवळ आहे. (डोंबिवली)

जीवामृताची नेहमीची मात्रा घ्या: १० किलो ताजे शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन, मूठभर माती. शेणात ८० टक्के पाणी असते. उरलेल्या दोन किलोंत कर्ब ८०० ग्रॅम. गुळात तेवढाच, बेसनात थोडा जास्त. एकूण अडीच किलो. बारा महिने दिले तरी तीस किलो, आणि त्यातला गूळ-बेसनाचा भाग जिवाणू काही दिवसांत फस्त करतात. पहिल्या उत्तरातले, ०.१ टक्का वाढीला लागणारे ७९० किलो आठवा.

जीवामृत हे विरजण आहे, दूध नव्हे. सुभाष पाळेकर यांच्या नैसर्गिक शेतीच्या पद्धतीतही आच्छादन हा वेगळा खांब आहे. कर्ब तिथून येतो. लोक नेमका तोच खांब सोडून ड्रम तेवढा ढवळत बसतात, कारण आच्छादनाला काडीकचरा जमवावा लागतो आणि तो जनावरांनाही हवा असतो.

तुलनेला शेणखत: पाच टन, निम्मे पाणी, कोरड्या अडीच टनांत २० ते २५ टक्के कर्ब, म्हणजे ५०० ते ६२५ किलो. त्यातला पाव हिस्सा टिकला तर एकरी दीडशे किलोच्या आसपास. शेणखत आधीच कुजलेले असल्याने काडीपेक्षा त्याचा जास्त हिस्सा मागे राहतो. मात्र उकिरड्यावर उन्हापावसात वर्षभर पडलेले खत म्हणजे बहुतेक माती. मुठीत दाबून बघा, पाण्यात ढवळून बघा. तळाला वाळू-माती बसली तर गाडीभाडे मातीचे देताय. परवडत नसेल तर बांधावर गिरिपुष्प लावा, वर्षातून दोन-तीनदा छाटा आणि पाला पिकाच्या ओळींत पसरा.

प्रश्न: दापोलीच्या आमच्या तांबड्या जमिनीत कर्ब १.३ टक्के आला, सासरच्या सोलापूरच्या काळ्या जमिनीत ०.४५. काळी माती म्हणजे कर्ब जास्त ना? अहवाल अदलाबदल झाले का? (मुलुंड)

अहवाल बरोबर असावेत. आपल्या काळ्या जमिनीचा रंग कर्बाच्या प्रमाणावरून ठरत नाही. चिकणमातीच्या कणांना घट्ट चिकटलेले थोडेसे सेंद्रिय द्रव्य आणि बेसॉल्टमधून आलेली काळसर खनिजे एवढ्याने ती काळी दिसते. सोलापूरला पाऊस कमी, पीक विरळ, ऊन कडक आणि उन्हाळाभर जमीन उघडी. येणे कमी, झीज जास्त. दापोलीला पाऊस भरपूर, झाडोरा दाट, आणि तांबड्या मातीतली लोह-अॅल्युमिनियमची ऑक्साइडे कर्बाला धरून ठेवतात.

तरी १.३ चा आकडा बघून हुरळू नका. प्रयोगशाळा माती चाळून तपासते, चाळणीवरचे खडे फेकून देते. तुमच्या जमिनीत वजनाने ४० टक्के खडे असतील आणि खड्यांसकट मातीचे वजन घनसेंटिमीटरला १.४ ग्रॅम असेल, तर बारीक माती उरते ०.८४ ग्रॅम. एकरी १५ सेंटिमीटरमध्ये ५१० टन, त्यात १.३ टक्क्याने कर्ब साडेसहा टन. सोलापूरला १.२५ ग्रॅमने ७६० टन माती, ०.४५ टक्क्याने साडेतीन टन. टक्केवारीत जवळजवळ तिप्पट दिसणारा फरक वजनात दुपटीच्या खाली येतो. शिवाय काळी जमीन मीटरभर खोल असू शकते, आणि तुमच्याकडे फूटभरावर कातळ लागत असेल. पूर्ण खोली मोजली तर बाजी उलटूही शकते.

आणखी एक सावधगिरी. पुष्कळ प्रयोगशाळा नत्राची शिफारस स्वतंत्र तपासणी न करता कर्बावरूनच काढतात. कोकणच्या आम्ल मातीत हा अंदाज फसतो. कर्ब 'भरपूर' म्हणून नत्र कमी सुचवले जाते आणि भात पिवळा पडतो. स्फुरद तर त्याच ऑक्साइडांनी बांधून ठेवलेला असतो. कर्ब भरपूर आणि पीक उपाशी, ही कोकणातली नेहमीची गोष्ट.

प्रश्न: एकाच वाडीची माती दोन प्रयोगशाळांत दिली. एक म्हणते १.४, दुसरी ०.८. वाडी खाडीपासून जवळ आहे. खारटपणामुळे आकडा फुगतो असे ऐकले. (वसई)

ऐकले ते खरे, पण दोष तिथे फार नाही. नेहमीची तपासणी वॉकली आणि ब्लॅक यांनी १९३४ मध्ये दिलेल्या पद्धतीने होते. मातीत पोटॅशियम डायक्रोमेट आणि तीव्र गंधकाम्ल घालतात. आम्लाच्या उष्णतेने कर्बाचे ऑक्सिडीकरण होते आणि किती डायक्रोमेट उरले यावरून कर्ब काढतात. मिठातला क्लोराइडही डायक्रोमेट खातो, तेवढा कर्ब खोटा दिसतो. पण हिशेब केला तर मातीत एक टक्का क्लोराइड असेल तेव्हा आकडा ०.०८ ने फुगतो. एक टक्का क्लोराइडच्या मातीत तुमची केळी उभीही राहिली नसती. तेव्हा ०.६ चा फरक खारटपणाचा नाही. अहवालातली क्षारता जास्त असेल तर गंधकाम्लात सिल्व्हर सल्फेट घातले होते का, एवढे विचारून घ्या आणि पुढे चला.

आमचा संशय नमुन्यावर आहे. वाडीत केळीच्या आळ्यातली माती आणि दोन ओळींमधली माती या दोन वेगळ्या जमिनी समजा. आळ्यात वर्षानुवर्षे खत आणि पाला पडतो. एक नमुना दहा सेंटिमीटरवरून आणि दुसरा वीसवरून घेतला तरी एवढा फरक पडतो, कारण कर्ब वरच्या थरात दाटलेला असतो. न कुजलेल्या मुळांचे आणि शेणाचे तुकडे काढले नाहीत तर अर्ध्या-एक ग्रॅमच्या नमुन्यात एक तुकडासुद्धा आकडा बिघडवतो. आणि एक आतली गोष्ट: या पद्धतीत सरासरी ७७ टक्केच कर्ब सापडतो, म्हणून उत्तराला १.३ ने गुणतात. एकीने गुणले आणि दुसरीने नाही, तर ०.८ चे १.०४ होतात. दोघींना विचाराच. काही अहवालांत कर्बाऐवजी 'सेंद्रिय पदार्थ' छापतात, तो कर्बाच्या १.७२४ पट असतो. ०.८ ला त्याने गुणून बघा: १.३८. तुमचे १.४ कदाचित तेच असतील.

प्रश्न: महाडजवळ भातखाचरे आहेत. चुलतभाऊ म्हणतो, चिखलणी-लावणी सोडून सगुणा पद्धत करू, राबही (रोपवाटिकेच्या जागेवर पाला-फांद्या जाळणे) बंद करू. कर्बाच्या दृष्टीने काय बरे? (लालबाग)

भातखाचर हे मुळात कर्ब साठवणारे शेत आहे. पाण्याखाली प्राणवायू नसल्याने कुजणे मंदावते, म्हणून वरकस (डोंगरउताराच्या हलक्या) जमिनीवर नाचणी-वरी घेतात तिथल्यापेक्षा खाचरात कर्ब टिकतो. त्याची किंमत मिथेन वायूच्या रूपाने हवेला मोजावी लागते. पेंढा किंवा हिरवळीचे खत लावणीच्या तोंडावर गाडले तर मिथेन फार वाढतो. पाणी भरण्याच्या महिनाभर आधी ते मातीत मिसळले की बराच कमी होतो. कोकणात धसकटे नोव्हेंबरातच मातीआड करावीत ते यासाठीही.

सगुणा राईस तंत्र नेरळच्या सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी विकसित केले. कायमचे गादीवाफे, चिखलणी नाही, साच्याने ठरावीक अंतरावर टोकणी, आणि कापणीनंतर मुळे-धसकटे जागच्या जागी. कर्बाच्या दृष्टीने यातला सर्वांत मोलाचा भाग शेवटचा. मुळांतला कर्ब वरच्या काडीपेक्षा मातीत जास्त टिकतो, आणि मशागत नसल्याने मुळांच्या वाटा हवा-पाण्याला मोकळ्या राहतात. अडचण तणाची. खाचरातले पाणी तण दाबते, वाफ्यावर ते काम तणनाशकाला करावे लागते. पहिल्या दोन वर्षांत वेळ चुकली तर तण भाताच्या डोक्यावर बसते आणि शेतकरी पुन्हा नांगराकडे वळतो. एकदा नांगर फिरला की साठवलेले बरेचसे गेले.

बिनमशागतीच्या शेताचा अहवाल वाचताना एक पथ्य: वरचे पाच-सात सेंटिमीटर झपाट्याने काळे होतात, खालचा थर तसाच राहतो किंवा थोडा घटतो. नांगरलेल्या शेतात कर्ब खालपर्यंत मिसळलेला असतो. दहा सेंटिमीटरवरची तुलना केली तर बिनमशागत नेहमीच जिंकते. ३० सेंटिमीटरपर्यंत मोजा, मग फरक खरा किती ते कळते.

राबाबद्दल. रोपवाटिका लागवडीच्या दहाव्या हिश्शाएवढी. तिथे जाळल्याने खाचराचे फार बिघडत नाही. नुकसान वरकसावर होते. फांद्या, पाला, गवत, शेणी तिकडून वर्षानुवर्षे ओरबाडून आणतात आणि ती जमीन मुरूम होत जाते. राब उगाच आलेला नाही: त्याने तणाचे बी मरते आणि राखेतून पालाश मिळतो. बंद करायचा तर तणाची सोय आधी करा. गादीवाफा ओला करून एप्रिल-मेमध्ये चार ते सहा आठवडे पारदर्शक प्लास्टिकने कडा मातीत दाबून झाका. नंतर चांगले कुजलेले शेणखत घाला. कच्चे शेणखत घातलेत तर तणाचे बी तुम्हीच पेरलेत.

प्रश्न: मुरबाडला २० गुंठे घेतले. जेसीबीने सपाट करून घेतल्यावर वर लाल-पिवळा मुरूम आला. आम्ही फक्त रविवारी जातो. सर्वांत लवकर कर्ब कशाने वाढेल? (बोरिवली)

सपाटीकरणात वरचा काळसर थर खाली गेला किंवा बांधाला लागला. बांधात असेल तर आधी तो परत पसरा. दहा वर्षांचे खत घालण्यापेक्षा ते स्वस्त पडेल. (सपाटी अजून करायची आहे त्यांच्यासाठी: वरचा १५-२० सेंटिमीटर थर एका बाजूला काढून ठेवा, खालचे सपाट करा, मग तो वर पसरा. जेसीबीवाल्याला आधीच ठरवून सांगावे लागते, नंतर तो तासाचे वाढवून मागतो.)

यंदा पहिल्या पावसावर १० ते १२ किलो ताग फेका. चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी, फुलावर येण्याआधी, कापून तिथेच आडवा करा. कोवळा ताग नत्र भरपूर देतो, पण कर्ब फार ठेवत नाही, महिन्या-दोन महिन्यांत विरघळून जातो. म्हणून त्यावर थांबू नका. ऑक्टोबरात ओलीवर वाल किंवा कुळीथ घ्या आणि शेंगा तोडून वेल तिथेच सोडा.

रविवारच्या शेतकऱ्याला मुरबाडात जास्तीत जास्त कर्ब देणारी पद्धत म्हणजे फळझाडे आणि खाली कायमचे गवत. गवताची मुळे वर्षभर मरतात आणि फुटतात, मशागत शून्य. गवत कापा आणि झाडांच्या आळ्यात पसरा, खोडापासून वीतभर दूर, नाहीतर वाळवी आणि बुरशी खोडाला लागते. रोटाव्हेटर मारून 'स्वच्छ' ठेवण्याचा मोह आवरा. खरा धोका फेब्रुवारी-मार्चच्या वणव्याचा. डिसेंबरातच हद्दीभोवती तीन मीटरची जाळरेषा गवत खरवडून मोकळी ठेवा.

प्रश्न: एक प्रतिनिधी आमच्या दहा एकरांवर 'कार्बन क्रेडिट' मिळवून देतो म्हणतो. सही करावी का? (अंधेरी)

एक क्रेडिट म्हणजे एक टन कार्बन डायऑक्साइड. कर्बाचे त्यात रूपांतर करायला ३.६७ ने गुणा. एकरी वर्षाला १०० किलो कर्ब खरोखर वाढला तर ०.३७ टन, दहा एकरांत चार क्रेडिटही नाहीत. दर कितीही लावा. त्यातून माती तपासणी, पडताळणी आणि प्रतिनिधीचा वाटा जायचा. सहीआधी लेखी विचारा: सुरुवातीचा नमुना किती खोलीचा (३० सेंटिमीटर हवा), मातीची घनता मोजणार का, करार किती वर्षांचा, आणि मध्येच जमीन विकली किंवा पाचट जळाले तर भरपाई कोण देणार. शेवटच्या प्रश्नावर उत्तर टाळले तर करार टाळा.

प्रश्न: गच्चीवरच्या कुंड्यांतली माती तपासली, कर्ब ९ टक्के! शेतात आणि गच्चीत एवढा फरक? (चेंबूर)

कोकोपीट आणि कंपोस्टचे मिश्रण ही शेतातली माती नव्हे, तिला शेताची वर्गवारी लावू नका. वॉकली-ब्लॅक पद्धत एवढ्या कर्बाला पुरतही नाही. नमुना फार थोडा घ्यावा लागतो आणि चूक वाढते. अशा मिश्रणाला भट्टीत जाळून वजनातली घट मोजण्याची पद्धत बरी. कुंडीतली पातळी दरवर्षी दोन-चार बोटे खाली जाते, तो तुमचा हवेत गेलेला कर्ब. भरीला शहरी कंपोस्ट घेणार असाल तर पोत्यावर बघा: खत नियंत्रण आदेशाप्रमाणे त्यात एकूण सेंद्रिय कर्ब किमान १२ टक्के हवा, गांडूळखतात १८ टक्के.

प्रश्न: नमुना कसा आणि किती वर्षांनी घ्यावा? दरवर्षी आकडा वरखाली होतो. (गिरगाव)

वर्षाची खरी वाढ ०.०२-०.०३ आणि नमुन्यातली चूक सहज ०.०५, म्हणून दरवर्षीचा आकडा निव्वळ गोंधळ असतो. तीन वर्षांनी एकदा, त्याच महिन्यात, त्याच प्रयोगशाळेत. पीक निघाल्यावर आणि खत टाकण्याआधी. एकरात आठ-दहा ठिकाणी वरचा पालापाचोळा बाजूला करून इंग्रजी व्हीच्या आकाराचा खड्डा घ्या आणि एका बाजूचा वरपासून २० सेंटिमीटरपर्यंत सारख्या जाडीचा काप काढा. बांध, झाडाखालची जागा, उकिरडा, पाण्याचा पाट सोडा. सगळी माती घमेल्यात नव्हे, स्वच्छ गोणपाटावर मिसळा, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकत अर्ध्या किलोवर आणा आणि सावलीत वाळवा.

वजनही मोजायचे असेल तर १० सेंटिमीटर व्यासाची आणि तेवढ्याच उंचीची लोखंडी नळी जमिनीत ठोकून भरलेली बाहेर काढा. तिच्यात ७८५ घनसेंटिमीटर माती मावते. भट्टीत १०५ अंशांवर २४ तास वाळवून वजन करा आणि ७८५ ने भागा. नळी ठोकताना माती दबून आत खचली असेल, तर ते माप टाकून शेजारी दुसरे घ्या. पावसाळ्यानंतरच्या वाफशावर (माती ओलसर, पण चिकट नसताना) हे नीट जमते. मे महिन्यातल्या काळ्या जमिनीत नळीच वाकते.